खेकड्याचें चित्र

वृषभ राशींतील खेकडा तेजोमेघास हें नांव पडलें तें लॉर्ड रॉस यांच्या १८४४ मधील हस्तचित्रावरून. पण १८९२ सालीं आयझॅक रॉबर्ट्स या हौशी ज्योतिर्विदानें त्याचें छायाचित्र घेतलें, त्यांत खेकडा दिसेना! रॉस खोटें बोलले नव्हते. डोळा पाहतांना आपलेंहि कांहीं मिसळतो, कांच मिसळीत नाहीं. म्हणूनच साडेअकरा वर्षांच्या अंतराचीं छायाचित्रें ताडून १९२१ मध्यें डंकन यांना मेघ पसरत असल्याचें दाखवितां आलें. १०५४ मध्यें चिनी ज्योतिष्यांनीं नोंदलेल्या स्फोट पावलेल्या ताऱ्याचाच हा अवशेष, हें पुढें ठरलें. आज लहान दुर्बिणीनें तो टिपणाऱ्या हौशी तरुणांस आम्ही एवढेंच सांगूं : चित्र सजवा, पण मूळ प्रत पुसूं नका, ती पुढील पिढीची साक्ष आहे.