द मॅरेज सर्कल

द मॅरेज सर्कल हा १९२४ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन प्रणयविनोदी मूकपट आहे. जर्मनीतून अमेरिकेत आलेले दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच यांनी तो दिग्दर्शित केला असून त्याची निर्मिती वॉर्नर ब्रदर्स या संस्थेने केली. लोथार श्मिट यांच्या एका जर्मन नाटकावर आधारलेली पटकथा पॉल बर्न यांनी लिहिली. फ्लॉरेन्स व्हिडोर, मोंटे ब्लू, मारी प्रेव्होस्ट, अडॉल्फ मेंजू आणि क्रेटन हेल यांनी प्रमुख भूमिका केल्या. व्हिएन्ना शहरातील दोन विवाहित जोडपी आणि एक अविवाहित डॉक्टर यांच्यातील आकर्षण, संशय व गैरसमज हा चित्रपटाचा विषय आहे. विवाह आणि विवाहबाह्य आकर्षण यांवरील मूकपटांमध्ये हा चित्रपट महत्त्वाचा टप्पा मानला जातो. पुढे ‘लुबिच टच’ या नावाने ओळखल्या गेलेल्या सूचक शैलीचा अमेरिकेतील आरंभही सामान्यतः याच चित्रपटापासून धरला जातो.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकन मूकपटांत वैवाहिक जीवन हा लोकप्रिय विषय झाला होता. सेसिल बी. डिमिल यांनी ओल्ड वाइव्ह्ज फॉर न्यू (१९१८), डोन्ट चेंज युअर हजबंड (१९१९) आणि व्हाय चेंज युअर वाइफ? (१९२०) या चित्रपटांतून संसाराला कंटाळलेली जोडपी, घटस्फोट आणि पुनर्मीलन यांच्या कथा सांगितल्या. भपकेदार पोशाख, आलिशान सजावट आणि शेवटी मिळणारा नैतिक धडा ही या चित्रपटांची वैशिष्ट्ये होती. १९२१ साली डिमिल यांनी ऑस्ट्रियन लेखक आर्थर श्निट्झलर यांच्या नाटकावरून द अफेअर्स ऑफ अनातोल हा चित्रपट काढला.

याच सुमारास हॉलीवूडमधील काही गाजलेल्या प्रकरणांमुळे चित्रपटांवर सरकारी नियंत्रण आणावे अशी मागणी होऊ लागली. तिला उत्तर म्हणून निर्मात्यांनी १९२२ साली विल हेझ यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःची संघटना स्थापन केली. अमेरिकेतील काही राज्यांमध्ये स्वतंत्र परिनिरीक्षण मंडळेही काम करीत होती. त्यामुळे व्यभिचारासारखा विषय हाताळताना, काय दाखवावे आणि काय प्रेक्षकांच्या कल्पनेवर सोडावे हा दिग्दर्शकांपुढील व्यावहारिक प्रश्न झाला होता.

अर्न्स्ट लुबिच यांचा जन्म १८९२ साली बर्लिन येथे झाला. मादाम द्युबारी (१९१९) आणि अ‍ॅना बोलीन (१९२०) या भव्य ऐतिहासिक चित्रपटांमुळे त्यांचे नाव जर्मनीबाहेर पोहोचले. अभिनेत्री मेरी पिकफर्ड यांच्या निमंत्रणावरून ते १९२२ च्या अखेरीस अमेरिकेत आले आणि त्यांनी पिकफर्ड यांची प्रमुख भूमिका असलेला रोझिटा (१९२३) हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यानंतर त्यांनी वॉर्नर ब्रदर्सशी करार केला. द मॅरेज सर्कल हा या करारातील पहिला चित्रपट होय.

कथानक

व्हिएन्नामध्ये राहणारे प्रोफेसर जोसेफ स्टॉक आणि त्यांची पत्नी मिझी यांचे पटत नाही. मिझी तिची जुनी मैत्रीण शार्लोट हिच्या भेटीस निघते. शार्लोटचा डॉक्टर फ्रान्झ ब्राउन याच्याशी नुकताच विवाह झालेला असून ते दोघे सुखी आहेत. वाटेत योगायोगाने मिझी आणि फ्रान्झ एकाच टॅक्सीतून प्रवास करतात. दोघांनाही एकमेकांची ओळख नसते. स्टॉक हे दृश्य खिडकीतून पाहतात. पत्नीचे परपुरुषाशी संबंध असल्याचा पुरावा मिळाल्यास घटस्फोट सोपा होईल, या विचाराने त्यांना संताप येण्याऐवजी आनंदच होतो. पुढे ते मिझीवर पाळत ठेवण्यासाठी खासगी गुप्तहेर नेमतात.

टॅक्सीतील ती स्त्री आपल्या पत्नीची मैत्रीण असल्याचे फ्रान्झला घरी पोहोचल्यावर कळते. मिझी त्याला वश करण्याचा प्रयत्न सुरू करते आणि आजाराचे निमित्त करून त्याला बोलावून घेते. फ्रान्झ तिला टाळू पाहतो. परंतु पत्नीला सारे सांगून टाकण्याचे धैर्य त्याला होत नाही. दुसरीकडे फ्रान्झचा व्यवसायातील भागीदार डॉक्टर गुस्ताफ म्युलर मनातून शार्लोटवर प्रेम करीत असतो. एकदा फ्रान्झच्या गळ्यात पडलेली स्त्री त्याच्या दृष्टीस पडते. ती शार्लोटच असावी असे त्याला वाटते. पण लगेचच खरी शार्लोट बाहेर भेटल्याने त्याला सत्य समजते आणि त्याची आशा पालवते.

ब्राउन यांच्या घरच्या मेजवानीत मिझीशेजारी बसावे लागू नये म्हणून फ्रान्झ जेवणाच्या टेबलावरील नावांच्या चिठ्ठ्या बदलतो. शार्लोटच्या हे लक्षात येते. मात्र तो मिस होफर या दुसऱ्याच पाहुणीजवळ बसू पाहत आहे, असा तिचा समज होतो. म्हणून पतीला मिस होफरपासून दूर ठेवण्याची विनंती ती विश्वासाने मिझीलाच करते. त्याच रात्री पतिपत्नींचे भांडण होते आणि त्या भरात फ्रान्झ मिझीकडे जातो. इकडे पतीच परत आला असे समजून शार्लोट गुस्ताफचे चुंबन घेते.

गुप्तहेराने जमवलेल्या माहितीमुळे फ्रान्झ आणि मिझी यांच्या भेटींचे प्रकरण उघडे पडते. अखेरीस शार्लोटही आपल्या हातून घडलेली चूक पतीला सांगते. फ्रान्झला तिचे बोलणे खरे वाटत नाही आणि तो ते हसण्यावारी नेतो. दोघांचा समेट होतो. गुस्ताफ बाहेर पडतो, तेव्हा त्याची गाठ मिझीशी पडते आणि तो तिच्याबरोबर निघून जातो.

कलाकार

* फ्लॉरेन्स व्हिडोर – शार्लोट ब्राउन
* मोंटे ब्लू – डॉक्टर फ्रान्झ ब्राउन
* मारी प्रेव्होस्ट – मिझी स्टॉक
* अडॉल्फ मेंजू – प्रोफेसर जोसेफ स्टॉक
* क्रेटन हेल – डॉक्टर गुस्ताफ म्युलर
* हॅरी मायर्स – गुप्तहेर
* डेल फुलर – रुग्ण स्त्री

निर्मिती

कथा व्हिएन्नामध्ये घडत असली तरी चित्रीकरण हॉलीवूडमधील स्टुडिओत झाले. छायालेखन चार्ल्स व्हान एंगर यांनी केले. लुबिच यांच्या आधीच्या ऐतिहासिक चित्रपटांतील प्रचंड जनसमुदाय आणि भव्य देखावे येथे नाहीत. बहुतेक प्रसंग बैठकीची खोली, शयनगृह, दवाखाना आणि बाग अशा मर्यादित जागांत घडतात व मोजक्या पात्रांवर केंद्रित राहतात.

या बदलामागे चार्ली चॅप्लिन यांच्या अ वुमन ऑफ पॅरिस (१९२३) या चित्रपटाचा प्रभाव होता. चॅप्लिन यांनी दिग्दर्शित केलेल्या या गंभीर चित्रपटात पात्रांचे मनोव्यापार लहानसहान कृतींतून आणि वस्तूंतून सुचवले होते. लुबिच यांनी तो पाहिला होता आणि त्याविषयी त्यांना आदर होता. त्या चित्रपटात श्रीमंत, विलासी प्रियकराची भूमिका करणारे अडॉल्फ मेंजू यांना त्यांनी द मॅरेज सर्कलमध्ये पतीच्या भूमिकेसाठी घेतले. मारी प्रेव्होस्ट यांनी पूर्वी मॅक सेनेट यांच्या लघु विनोदपटांत काम केले होते. मिझीची भूमिका त्यांच्या कारकिर्दीतील उल्लेखनीय भूमिकांपैकी एक ठरली.

दिग्दर्शनशैली

मूकपटात संवाद लिखित पाट्यांच्या साहाय्याने दाखवले जात. लुबिच यांनी अशा पाट्यांवरील भार कमी करून कथेचा बराच भाग दृश्यांतून सांगितला. चित्रपटाचा आरंभ याचे उत्तम उदाहरण आहे. सकाळी उठलेल्या प्रोफेसर स्टॉक यांच्या पायमोज्याला भोक पडलेले असते. दुसरा मोजा घेण्यासाठी ते आपला खण उघडतात, तर तो जवळजवळ रिकामा असतो. मिझीचा खण मात्र मोज्यांनी भरलेला असतो. या पतिपत्नींच्या संसाराची स्थिती एकाही वाक्यावाचून प्रेक्षकांना कळते.

याउलट फ्रान्झ आणि शार्लोट यांचे सुख न्याहारीच्या प्रसंगातून दाखवले आहे. समीपदृश्यात केवळ अंडे, कॉफीचा कप आणि दोघांचे हात दिसतात. एक हात अंडे फोडत असतो, दुसरा कॉफी ढवळत असतो. थोड्याच वेळात दोन्ही हात काम अर्धवट टाकून दृश्यातून नाहीसे होतात आणि न्याहारी बाजूला सारली जाते. दोघांनी एकमेकांना जवळ घेतले आहे, हे प्रत्यक्ष न दाखवताही स्पष्ट होते.

चित्रपटातील विनोद मुख्यतः पात्रांना असलेली माहिती आणि प्रेक्षकांना असलेली माहिती यांतील अंतरातून निर्माण होतो. नावांच्या चिठ्ठ्या बदलण्याच्या प्रसंगात फ्रान्झचा हेतू प्रामाणिक असतो, परंतु त्याची कृती दोषी माणसाची वाटते. शार्लोट डोळ्यांनी जे पाहते ते खरे असते, पण तिने काढलेला अर्थ चुकीचा असतो. खरी स्थिती केवळ प्रेक्षकांना ठाऊक असते.

विवाह आणि निष्ठा यांचे चित्रण

डिमिल यांच्या चित्रपटांप्रमाणे येथे कोणत्याही पात्राला शिक्षा होत नाही किंवा उपदेश केला जात नाही. मिझी खलनायिका म्हणून रंगवलेली नाही, तसेच स्टॉक हे केवळ फसवले गेलेले पती नाहीत. त्यांना विवाहबंधनातून सुटका हवी आहे आणि पत्नीची चूक त्यांच्या सोयीची आहे. सुखी दिसणारा संसारही संशयापासून मुक्त नसतो, हे ब्राउन दांपत्याच्या कथेतून दिसते. फ्रान्झच्या अडचणी मिझीच्या आकर्षणापेक्षा त्याच्या मौनामुळे अधिक वाढतात.

शेवटचा समेट वरवर सुखान्त असला तरी त्यात एक विसंगती आहे. पतीचे वर्तन संशयाचा आणि चौकशीचा विषय होते. पत्नीने स्वतः दिलेली कबुली मात्र थट्टा समजली जाते. ‘माझ्या पत्नीकडून असे घडूच शकत नाही’ हा फ्रान्झचा विश्वास निष्ठेवरील श्रद्धा आहे की आत्मसंतुष्टपणा, याचे उत्तर चित्रपट देत नाही. शार्लोट खरे बोलते; परंतु त्या खरेपणामुळे नव्हे, तर पतीच्या अविश्वासामुळे संसार सावरतो. शिवाय गुस्ताफ आणि मिझी एकत्र निघून गेल्याने शीर्षकातील वर्तुळ पूर्ण न होता नव्याने सुरू होते.

स्वागत आणि प्रभाव

चित्रपट फेब्रुवारी १९२४ मध्ये प्रदर्शित झाला आणि समीक्षकांनी त्याची प्रशंसा केली. वॉर्नर ब्रदर्ससाठी लुबिच यांनी यानंतर थ्री विमेन (१९२४), किस मी अगेन (१९२५), लेडी विंडरमिअर्स फॅन (१९२५) आणि सो धिस इज पॅरिस (१९२६) हे चित्रपट केले. यांपैकी किस मी अगेन हा चित्रपट आज उपलब्ध नाही. सो धिस इज पॅरिसमध्येही दोन जोडपी आणि परस्परांविषयीचे आकर्षण हाच विषय असून त्यात डॉक्टर पतीची भूमिका पुन्हा मोंटे ब्लू यांनी केली.

उच्चभ्रू वर्गातील वैवाहिक गुंतागुंत हलक्या हाताने मांडणाऱ्या चित्रपटांची लाट यानंतर हॉलीवूडमध्ये आली. माल्कम सेंट क्लेअर यांनी आर पेरेंट्स पीपल? (१९२५) आणि द ग्रँड डचेस अँड द वेटर (१९२६) या चित्रपटांत फ्लॉरेन्स व्हिडोर आणि अडॉल्फ मेंजू यांना एकत्र आणले. पुढील पिढीतील बिली वाइल्डर यांनी लुबिच यांच्यासाठी पटकथालेखन केले आणि त्यांना ते आपले गुरू मानत. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू हेही लुबिच यांचे चाहते होते.

पुनर्निर्मिती

बोलपटांच्या काळात लुबिच यांनी याच कथेवर वन अवर विथ यू (१९३२) हा संगीतमय विनोदपट पॅरामाउंट संस्थेसाठी काढला. त्यात कथेचे स्थळ व्हिएन्नाऐवजी पॅरिस करण्यात आले. मॉरिस शेव्हालिए आणि जेनेट मॅकडोनाल्ड यांनी डॉक्टर व त्याची पत्नी यांच्या भूमिका केल्या. आरंभी दिग्दर्शनाचे काम जॉर्ज क्युकर यांच्याकडे होते. नंतर लुबिच यांनी सूत्रे हाती घेतली आणि श्रेयनामावलीवरून वाद झाला. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्कर पुरस्काराचे नामांकन मिळाले. त्याची फ्रेंच आवृत्तीही काढण्यात आली होती. १९३४ पासून हॉलीवूडमध्ये निर्मितीसंहितेची कडक अंमलबजावणी सुरू झाल्यानंतर व्यभिचाराचा विषय अशा मोकळेपणाने हाताळणे अवघड झाले.

उपलब्धता

अनेक मूकपट नष्ट झाले असले तरी द मॅरेज सर्कल आज उपलब्ध आहे. १ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेत त्याच्या स्वामित्वहक्काची मुदत संपली आणि तो तेथे सार्वजनिक अधिक्षेत्रात आला.