गाजरगवताची खरी ओळख

ज्या तणाला खेड्यांत गाजरगवत व शहरांत काँग्रेसगवत म्हणतात, तें गाजरही नव्हे आणि गवतही नव्हे. पानें तेवढीं गाजराच्या पानांसारखीं कातरलेलीं, म्हणून पहिलें नांव पडलें. शेंड्यावरील फुलांना पांढऱ्या टोप्यांची उपमा मिळाली, तेव्हां दुसरें. कुळानें तें शेवंती व सूर्यफूल यांचें भाऊबंद आहे. कोंवळें रोप जमिनीवर चक्रासारखें पसरतें, मग मधून दांडा उंच जाऊन त्यास फांद्या फुटतात. फूल म्हणून जें दिसतें तो बारीक फुलांचा एक गेंद असतो, आणि त्याच्या कडेस नेमक्या पांच इवल्याशा पांढऱ्या पाकळ्या असतात. ही खूण पटली कीं संशय उरत नाहीं.

त्याचें मूळ स्थान मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा प्रदेश. लिनिअसनें १७५३ सालीं त्याचें शास्त्रीय नामकरण केलें. भारतांत तें कसें आलें याविषयीं मात्र एक कथा घरोघर ऐकूं येते : अमेरिकेनें ‘पी. एल. ४८०’ या कायद्यान्वयें गहूं पाठविला व त्या गव्हांतून हें बीं आलें. कथा सोयीची खरी. पण सनावळी तिला साथ देत नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांना हें तण पुण्यांत उकिरड्यांवर आढळलें तें १९५५ सालीं. त्या कायद्याखालीं भारताशीं करार झाला तो १९५६ च्या ऑगस्टांत. अमेरिकन गहूं १९५१ च्या कर्जाऊ मदतींतूनही आला होता, तेव्हां गव्हाला अगदींच निर्दोष ठरवितां येत नाहीं. परंतु त्याहून जुना पुरावा कागदांत पडून होता. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाची रॉक्सबर्गकृत यादी १८१४ सालीं छापली गेली, तींत हें नांव आहे; आणि ब्रँडिस यांनीं १८८० सालीं गोळा केलेला वाळका नमुना डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेच्या संग्रहांत आहे. पाहुणा जुनाच, मातला मात्र १९५५ नंतर.

गुन्हेगार शोधण्याच्या या हौसेंत ज्यांना खरा ताप झाला त्यांची आठवण थोड्यांनाच राहिली. साधें गवत समजून उघड्या हातांनीं खुरपणी करणाऱ्या कित्येक शेतकऱ्यांच्या व मजूर बायकांच्या हातांना, मानेला, पापण्यांना खाज सुटे, कातडी जाड व काळसर होई. कारण त्यांतील पार्थेनिन नांवाचें द्रव्य. परागांनीं कोणाला दमाही जडतो.

मेक्सिकोहून १९८३ सालीं बंगळूरला एक भुंगेरा आणला व पुढील वर्षीं मोकळा सोडला. तो पावसाळ्यांत पानें फस्त करतो, पण कोरड्या दिवसांत मातींत निजून राहतो. तण तेवढ्यांत पाटाच्या पाण्यावर पुन्हां उभें राहतें. एका झाडास हजारों बिया धरतात, म्हणून हातमोजे घालून तें फुलण्यापूर्वींच मुळासकट उपटावें लागतें. मोकळ्या जागीं उन्हाळ्याच्या शेवटीं टाकळ्याचें बीं फेंकलें, तर पावसाबरोबर टाकळा दाट माजून याला डोकें वर काढूं देत नाहीं. हा तोच टाकळा, ज्याची कोंवळी भाजी पहिल्या पावसांत घरोघर शिजते.