शब्दवेध : दुक्ख

खामगावकडं ‘पोट दुखून राह्यलं’ म्हणतात. हे ‘दुखणं’ प्राकृत ‘दुक्ख’वरून आलं, आणि पाली तिपिटकातला शब्दही नेमका तोच. बुलढाणा जिल्ह्यातल्या विहारात बुद्धाचं पहिलं आर्यसत्य, ‘दुःख आहे’, ऐकणाऱ्याला म्हणूनच तो परका वाटू नये.

शब्दाची जुनी फोड गमतीची आहे. ‘ख’ म्हणजे भोक, चाकात आख बसतो ते. ‘दुस्’ म्हणजे वाईट. भोक वाकडं असलं तरी गाडी चालते, पण हिसके देत. काही अभ्यासक ‘दुःस्थ’कडे बोट दाखवतात, आणि भाषाशास्त्राच्या काट्यावर त्यांचं पारडं हलकं नाही. मला तरी आखाचीच फोड आवडते. तिच्यात दोष सापडतो आणि सुतार तो काढूही शकतो. उरलेली तीन आर्यसत्यंही तेच सांगतात: दुःखाचं कारण तृष्णा, तिचा निरोध शक्य, त्यासाठी अष्टांगिक मार्ग.

बाबासाहेबांना मात्र या चार सत्यांचीच शंका होती. ती मुळातली की भिक्खूंनी मागाहून घातलेली, असा प्रश्न ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (1957) या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी विचारला. जगणंच दुःख ठरलं तर आशा कुठे उरते, हा त्यांचा आक्षेप. ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या आदल्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, त्यांनी नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली होती. माणसानं माणसाला दिलेलं दुःख त्या लाखोंनी पुरतं भोगलं होतं.