बोरघाटाची चढण आणि पुण्याचे मोटार-मिस्त्री

पुण्याच्या मोटारविद्येचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने आरंभ बोरघाटापासून करावा असे मला वाटते. कारण 1830 साली, सर जॉन माल्कम यांच्या गव्हर्नरीत, चाकाच्या वाहनांना खुल्या झालेल्या या रस्त्यावरून पुढे ज्या मोटारी खोपोलीच्या उष्ण पायथ्यापासून सुमारे 600 मीटर उंचीच्या लोणावळ्याकडे चढू लागल्या, त्यांच्या इंधनव्यवस्थेची खरी परीक्षा तेथेच होई, आणि परीक्षेत नापास झालेली वाहने अखेर पुण्याच्या मिस्त्रीपुढे येत.

पेट्रोल हा एकजिनसी द्रव नव्हे. त्यातील हलके अंश वैशाखाच्या उन्हातही बाष्परूप होऊ पाहतात, आणि तापलेल्या इंजिनाशेजारच्या नळीत अशी वाफ कोंडली, की द्रव खेचण्यासाठी घडविलेला पंप तिच्यापुढे हतबल होतो. फियाटचे मालक अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवून वाट पाहत. वेगासाठी बांधलेल्या मोटारीची अडचण मात्र अधिक बिकट असे. 1945 ते 1949 या काळात इंग्लंडात तयार झालेल्या ‘एमजी टीसी’चेच पाहा: 1250 सीसीच्या इंजिनाला दोन एसयू कार्ब्युरेटर, तेही धूर बाहेर नेणाऱ्या तप्त नळकांड्याच्याच बाजूस, आणि वर अरुंद बॉनेट. चढ संपवून गाडी थांबविली, की कार्ब्युरेटरातील पेट्रोल उकळून इंजिनात उतरे आणि ते ओलेचिंब होऊन सुरू होण्यास नकार देई. तेव्हा चोक मुळीच न ओढता, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा, हा जाणत्यांचा दस्तूर होता.

या मिस्त्रींच्या तपासाचा क्रम मला एखाद्या निष्णात मुन्सफाच्या चौकशीइतका आदरणीय वाटतो. प्रथम प्लग काढावा: ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, दोष ठिणगीचा किंवा अतिरिक्त पेट्रोलाचा, कोरडा असेल तर इंधनाची वाट कोठेतरी अडली आहे. मग कार्ब्युरेटरला येणारी नळी सोडवून इंजिन फिरवावे. धार आली तर पंप निर्दोष, आणि जेटमध्ये कचरा किंवा नीडल चिकटलेली. धार न आली तर मागे टाकीपर्यंत शोध घ्यावा. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असेल, तर झाकण उघडताच हवा आत ओढली गेल्याचा सुस्कार ऐकू येतो, आणि एका पैशाचाही भाग न बदलता प्रकरण निकाली निघते. एमजीचा पंप तर विजेचा. किल्ली फिरविताच तो टकटक करी, भांडे भरताच थांबे. आवाजच नसेल तर त्याचे पॉइंट काळे पडलेले, आणि टकटक अखंड चालू राहिली तर टाकी रिकामी, हवा शिरते आहे किंवा पेट्रोल कोठेतरी वाहून जाते आहे, असा निर्णय कानानेच होई.

या कसबाला पुण्याने भरपूर आधार दिला. खडकीत 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. नाना पेठेत सुट्या भागांची बाजारपेठ वाढली. जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी विलायती गाड्यांचे पुर्जे धुंडाळता येत. 1966 साली स्थापन झालेल्या एआरएआय या संस्थेने वेताळ टेकडीवर वाहनपरीक्षणाला शास्त्रीय अधिष्ठान दिले. तथापि मिस्त्रीची विद्या कोणत्याही सरकारी दफ्तरात सहसा दाखल झाली नाही. ती उस्तादाकडून शागिर्दाकडे हाताहातानेच गेली, आणि याची मला मनस्वी खंत वाटते.

2000 सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसतसा नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर अस्तंगत झाला आणि पंप थेट टाकीत जाऊन बसला. आता स्कॅनर जोडला जातो, पेट्रोलचा दाब गेजने मोजला जातो, रिले तपासला जातो; परंतु स्कॅनर दाखवितो ती तक्रार, कारण नव्हे, आणि कारण शोधण्यास तोच जुना क्रम लागतो. त्यात पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आल्यापासून, महिनोन्महिने झाकून ठेवलेल्या हौशी गाड्यांत नवाच विकार उद्भवू शकतो: इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि पाण्याचा अंश फार झाला की दोन्ही मिळून पेट्रोलपासून विलग होऊन टाकीच्या तळाशी बसतात. पंप नेमका तळातूनच ओढतो. म्हणून अशी गाडी समोर आली, की महागडे इंजेक्टर उतरविण्यापूर्वी टाकीच्या तळचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून काही काळ स्थिर ठेवावे. दोन थर दिसले, तर टाकी रिकामी करून धुणे हाच पहिला इलाज होय.