शोधनिबंधावरील नाव : श्रेय आणि उत्तरदायित्व

छापील मजकुरावर आपले नाव घालणे म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी पत्करणे होय. त्या मजकुराचे श्रेय आपल्याकडे येते आणि त्याविषयी कोणी शंका काढल्यास उत्तर देण्याचे दायित्वही येते. गेल्या दीड दशकात विद्यापीठीय नियतकालिकांच्या जगात श्रेयाचा हिशेब गुणांच्या कोष्टकात मांडला गेला. दायित्वाला मात्र त्या कोष्टकात रकाना मिळाला नाही. हे कसे घडले याचा मागोवा पुण्याच्या परिघातच घेता येतो. माण-हिंजवडीच्या बाजूला मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हांला तो घेणे अगत्याचे वाटते.

आरंभ थोडा मागून करू. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळाचा आरोप कारभारी बर्वे यांच्यावर करणारा मजकूर ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांत प्रसिद्ध झाला. ज्या पत्रांचा त्याला आधार होता ती न्यायालयात बनावट ठरली. ती पत्रे आगरकरांनी वा टिळकांनी तयार केलेली नव्हती. तरीही १८८२ साली संपादक म्हणून दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. हे उदाहरण वृत्तपत्राचे आहे, संशोधनपत्रिकेचे नव्हे, हे खरे. परंतु आधार दुसऱ्याने पुरवला असला तरी छापणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, ही जाणीव मराठी लेखनव्यवहाराला किती लवकर झाली होती हे त्यावरून दिसते.

विद्येच्या क्षेत्रात हीच जाणीव अधिक शिस्तबद्ध रूपात आढळते ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत. १९१९ मध्ये आरंभलेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. सी. सुखठणकर, श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य हे क्रमाने प्रमुख संपादक होते. आदिपर्व स्वतः सुखठणकरांनी संपादिले; सभापर्व फ्रँकलिन एजर्टन यांनी, विराटपर्व रघुवीर यांनी, तर उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांनी. म्हणजे प्रत्येक पर्वामागचे नाव निश्चित आहे. शिवाय स्वीकारलेल्या पाठाखाली हस्तलिखितांतील पाठभेद दिलेले असल्याने संपादकाचा निर्णय कोणाही अभ्यासकास तपासता येतो. कोणी काय केले आणि ते कशाच्या आधारे केले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पृष्ठावरच सापडतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखकत्वाच्या निकषांत उत्तरदायित्वाची स्वतंत्र अट घालते ती २०१३ मध्ये; पुण्यातल्या या कामाने तिचा आशय कितीतरी आधी आचरला होता.

मग बदल कोठे झाला? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आवश्यक केले. २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या नियुक्ती व पदोन्नतीसाठी ‘एपीआय’ गुण आणले. त्यांत संयुक्त निबंधाच्या गुणांपैकी ६० टक्के प्रथम लेखक आणि प्रमुख लेखक वा मार्गदर्शक यांच्यात, तर ४० टक्के उरलेल्यांत वाटले जात. २०१८ च्या नियमांनी दोन लेखक असल्यास प्रत्येकी ७० टक्के गुण दिले. प्रयोगशाळेत अनेक हातांनी होणाऱ्या कामाला असे गणित काही प्रमाणात लागू पडेल. मराठीच्या अभ्यासात मात्र निबंध बहुधा एकट्यानेच लिहिला जातो. तेथे दोघांचे मिळून १४० टक्के होणार असतील, तर दुसरे नाव घालण्याचा मोह निर्माण होणे स्वाभाविक होते.

मागणी वाढली तसा पुरवठाही वाढला. ‘आयएसएसएन’ हा केवळ नियतकालिक ओळखण्याचा क्रमांक; तो गुणवत्तेचा शिक्का म्हणून मिरवू लागला. २०१७ मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातील विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला. ‘करंट सायन्स’मधील त्यांच्या २०१८ च्या लेखानुसार तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकषांवर उतरत नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके वगळली. पुढे २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आली. तिच्यासाठी नियतकालिकांची छाननी करणारा कक्ष पुणे विद्यापीठातच होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही यादी बंद झाल्याचे जाहीर होऊन नियतकालिक पारखण्याचे काम संस्थांकडे व अभ्यासकांकडे आले. पीएच.डी.पूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती २०२२ च्या नियमांतच गेली होती.

वाङ्मयचौर्याविषयीचे २०१८ चे नियम साम्याची टक्केवारी मोजतात : दहापर्यंत दंड नाही, चाळीस व साठ या पुढच्या पायऱ्या. हे नियम आवश्यकच होते. पण विद्यार्थिनीने वर्षभर खपून लिहिलेल्या निबंधावर मार्गदर्शकाचे नाव आधी पडले, तर कोणतीही संगणकप्रणाली ते पकडू शकत नाही, कारण तेथे एकही वाक्य चोरलेले नसते. चोरले जाते ते कर्तृत्व. आणि ज्या विद्यार्थिनीचे भवितव्य मार्गदर्शकाच्या सहीवर अवलंबून आहे, ती तक्रार कोठे करणार?

माणच्या हद्दीत पसरलेल्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानात प्रणालीची एखादी ओळ कोणी, केव्हा बदलली याची नोंद ठेवणे नित्याचे आहे. आपल्या निबंधांनाही एवढी शिस्त जड जाऊ नये. निबंधाच्या अखेरीस प्रत्येक लेखकाचा वाटा दोन ओळींत सांगावा. विद्यार्थ्याच्या प्रबंधातून आलेल्या निबंधावर त्याचेच नाव प्रथम असावे. विषय सुचवणे आणि मुद्रणप्रत वाचणे यांसाठी ऋणनिर्देश पुरेसा मानावा. संपादकांनी प्रत्येक सहलेखकाची लेखी संमती घ्यावी आणि निबंधावर आक्षेप आल्यास त्याच्याकडूनही खुलासा मागवावा. यासाठी आयोगाच्या नव्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही; मराठी विभागांनी व लहान नियतकालिकांच्या संपादकांनी ठरवले, तर येत्या अंकापासूनच हे सुरू करता येईल.