वर्गणीदारांची वही कोणाकडे?

मागच्या वेळी आपण छापखान्याबद्दल बोललो, आज पैशाबद्दल बोलू. म्हणजे वाचकाने लेखकाला द्यायच्या पैशाबद्दल.

धायरीत गणपतीच्या आधी मंडळाची मुलं पावतीपुस्तक घेऊन दारात येतात आणि म्हणतात, 'काका, वर्गणी.' हाच शब्द आपल्याकडे मासिकांसाठी वापरला जायचा. मंडपाचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा, तसाच नियतकालिकाचाही. जो वाटा उचलतो तो वर्गणीदार. आता यूट्यूबवर बघा. व्हिडिओच्या शेवटी 'सबस्क्राइब करा' म्हणतात, त्याला पैसे पडत नाहीत. पैसे द्यायचे असतील तर शेजारी 'जॉईन'चं वेगळं बटण असतं. म्हणजे सबस्क्रायबर हा वर्गणीदार राहिलाच नाही, तो नुसता येऊन बसलेला श्रोता झाला. पैसे देणाऱ्याला आता मेंबर म्हणतात. शब्द बदलला याचं आम्हाला फारसं वाईट वाटत नाही, शब्द बदलतच असतात. पण त्या शब्दाबरोबर आणखी एक वस्तू हातातून गेली, ती म्हणजे वर्गणीदारांची वही. आजचा विषय ती वही आहे.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' काढलं. एका रकान्यात इंग्रजी, शेजारी मराठी. बातमी वाचण्यासाठी आगाऊ पैसे भरायचे, ही कल्पनाच तेव्हा आपल्याकडे नवी होती. तरी ते पत्र साडेआठ वर्षं चाललं. त्यात फार न रेंगाळता पुण्यात येऊ, कारण आजच्या विषयाशी सगळ्यात जवळचं उदाहरण इथलं आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली. दर महिन्याला एक अंक, आणि मजकूर जवळजवळ सगळा एकट्याचा. भाषेवर, इतिहासावर, इंग्रजी राज्यावर, समकालीन लेखकांवर. एकच माणूस लिहितो आणि त्याचंच लेखन वाचायला लोक पैसे देतात. आज आपण ज्याला क्रिएटर म्हणतो त्याचा धंदा नेमका हाच आहे की नाही? (शास्त्रीबुवांना क्रिएटर म्हटलेलं आवडलं नसतं, आणि नापसंती त्यांनी कोणत्या शब्दांत कळवली असती याची कल्पना मालेच्या वाचकांना आहेच.) त्याच सुमारास ते 'शालापत्रक'ही पाहत होते. ते सरकारी आश्रयावर चालणारं मासिक, आधी त्यांच्या वडिलांकडे, कृष्णशास्त्र्यांकडे होतं. त्यातल्या टीकेमुळे सरकारची मर्जी गेली आणि १८७५ मध्ये ते बंद झालं. 'माला' मात्र चालू राहिली, ८४ अंकांपर्यंत. हात तोच, लेखणी तीच. फरक एवढाच की एकीकडे पैसा सरकारचा होता आणि दुसरीकडे वर्गणीदारांचा.

पण हे पैसे गावोगावहून पुण्यात यायचे कसे? इथे आपल्या गोष्टीत टपालखातं येतं. व्हॅल्यू पेएबल, म्हणजे आपली व्ही.पी., १८७७ मध्ये सुरू झाली आणि मनिऑर्डर १८८० मध्ये. पोस्टमन अंक देणार, पैसे घेणार आणि ते प्रकाशकाकडे पोचवणार. जुने अंक चाळले की हमखास एक सूचना सापडते: आपली वर्गणी संपली, पुढचा अंक व्ही.पी.ने पाठवत आहोत, कृपया सोडवून घ्यावा. आणि व्ही.पी. परत आली की जाण्याचाही खर्च संपादकाच्या अंगावर आणि येण्याचाही. वर्गणी थकवणाऱ्यांवर मराठी संपादकांनी किती शाई खर्च केली याची मोजदाद नाही!

तेव्हा टपाल हा त्या काळचा प्लॅटफॉर्मच होता असं म्हणायला हरकत नाही. तो आपला आकार घेत होता, आणि साधूसंतही नव्हता. १९१० च्या प्रेस ॲक्टने टपालातले अंक अडवून ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. शिवराम महादेव परांजप्यांचं 'काळ' त्याच कायद्याखाली जबर जामीन मागून बंद पाडलं गेलं. म्हणजे जुना काळ सोन्याचा होता असं आम्ही सांगत नाही आहोत. पण एक गोष्ट टपालाने संपादकाच्या हातातून काढून घेतली नाही: वर्गणीदारांची वही. 'मु. धायरी, तालुका हवेली, जिल्हा पुणे' हा पत्ता संपादकाच्या वहीत असायचा. छापखाना बदलला, जागा बदलली, पत्राचं नाव बदलावं लागलं, तरी त्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकता यायचं: आम्ही अजून आहोत.

आता या सगळ्याची दुसरी बाजू. वर्गणी देऊ शकतील असे लोकच ज्या समाजात थोडे आहेत, त्याने काय करायचं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केलं. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने घेतली नव्हती. स्वतःचं पत्र का लागतं याचं याहून स्पष्ट उत्तर नसेल. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले तेव्हा पत्र उभं राहिलं. ते १९२३ पर्यंत चाललं. मग ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' आलं, आणि ते १९२९ मध्ये बंद पडलं. मदतीला माणसं नाहीत, अंकाचे चोवीस चोवीस रकाने एकट्याने भरायचे, मोबदला काही नाही, आणि डोक्यावर पत्राचं कर्ज. फेब्रुवारी १९२८ मध्ये बाबासाहेबांनी वाचकांपुढे प्रश्न ठेवला तो असा, की हे कर्ज एकट्या संपादकाचं आहे का, सगळ्यांचं नाही का? वर्गणी या शब्दाचा मूळ अर्थच तिथे पणाला लागला होता. ती अंकाची किंमत नव्हे, खर्चातला आपला वाटा.

आणि अशा पत्राचा वाचक वर्गणीदारांच्या आकड्यावरून मोजता येत नाही. एकाने अंक घ्यायचा, वाचता येणाऱ्याने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पुण्यात नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, तिथेही एक अंक कितीतरी हातांतून फिरायचा. पैसे एकाने दिले तरी कागद सगळ्यांचा होई. आज 'फक्त मेंबरसाठी' असलेला व्हिडिओ शेजाऱ्याला पाठवून बघा. दुवा जातो, आत काही उघडत नाही. फोन हातात देऊन दाखवता येईल फार तर.

आता आजच्या हिशेबाकडे. यूट्यूबने मेंबरशिप २०१८ मध्ये आणली, त्यात ३० टक्के कंपनीचे आणि ७० टक्के चॅनेलवाल्याचे. ॲप स्टोअरचा वाटा कसा दिसतो ते ट्विटरच्या 'ब्लू'ने दाखवलं: फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतात तेच सदस्यत्व वेबवर ६५० रुपये आणि मोबाईल ॲपवर ९०० रुपये. पैशाचं एक वेळ ठीक आहे, दलाली टपालही घेतच होतं. आमचा आक्षेप वहीबद्दल आहे. चॅनेलवाल्याला मेंबरचं नाव दिसतं, तेही मेंबरने स्वतः ठेवलेलं टोपणनाव. शहरांचे आकडे दिसतात, 'पुणे' म्हणून. पत्ता नाही, फोन नाही, ई-मेल नाही. उद्या चॅनेल बंद झालं, चुकून का होईना, तर या माणसांना पोस्टकार्ड टाकायचं कुठे? ई-मेलने लेख पाठवणाऱ्या सबस्टॅकसारख्या काही सेवा वाचकांची यादी लेखकाला सोबत नेऊ देतात. म्हणजे हे तंत्राला अशक्य आहे असं नाही.

व्ही.पी.च्या त्या सूचनेचा आजचा अवतारही सांगायला हवा. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला: कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे असतील तर २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं, आणि ५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी संमती घ्यायची. पुढे जून २०२२ मध्ये ही मर्यादा १५,००० झाली. नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे, आम्हाला तो पटतो. पण बँकांची तयारी नव्हती, अनेकांचे चालू हप्ते एकदम तुटले, आणि वर्गणीवर चालणाऱ्या छोट्या माध्यमांना त्याचा चटका बसला. तेव्हा ज्यांच्याकडे वाचकांचे ई-मेल होते त्यांना 'आपली वर्गणी थांबली आहे' एवढं तरी कळवता आलं.

म्हणूनच हल्ली काही मराठी चॅनेलवर व्हिडिओच्या शेवटी यूपीआयचा क्यूआर कोड दिसतो. खाली व्हॉट्सॲप नंबर आणि एक ओळ: पैसे पाठवल्यावर नाव आणि गाव कळवा. काही जणांना ती भीक मागितल्यासारखी वाटते. आम्हाला तिच्यातला 'गाव' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. आलेली नावं कोणीतरी एका फाइलीत उतरवून ठेवत असणार, आणि ती फाइल चॅनेलवाल्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर असते.

पुढच्या वेळी सार्वजनिक वाचनालयांचे हिशेब पाहू. आता प्रश्न घेऊ.