कुत्र्याचे हृदय आणि मापाचा भरवसा

मंडळी, भातकुलीचे नाव निघाले की कुणी रुक्मीच्या भोजकटाची कथा सांगतो, कुणी खारपाणपट्ट्याचे गाऱ्हाणे. मला आज काट्याबद्दल बोलायचे आहे. समजा, कापसाचे एकच गाठोडे दोन काट्यांवर चढवले. एकाने ४० किलो दाखवले, दुसऱ्याने ४२. तुम्ही लगेच म्हणाल, "थांबा, पुन्हा मोजा." आपल्या आजोबा-पणजोबांना तर गावोगाव पायली निराळी भेटे. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, तेव्हा कुठे तो घोळ मिटू लागला. पण दवाखान्यातून छापील आकडा हाती आला की "पुन्हा मोजा" म्हणायला आपली जीभ रेटत नाही. असाच एक आकडा म्हणजे कुत्र्याच्या हृदयाचे माप.

हसू नका. रात्र रात्र हरभऱ्यातून रोही आणि रानडुकरे हाकलणारे जनावर म्हातारपणी खोकू लागते, धापा टाकू लागते, तेव्हा घरातले पोर जेवत नाही. मग कुणी त्याला शहरातल्या पशुवैद्याकडे नेतो आणि तेथे सोनोग्राफी होते.

हृदय मोजण्याची हौस फार जुनी. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीत नळी बसवली. त्या नळीत रक्त ८ फूट ३ इंच चढले, असे त्याने १७३३ च्या पुस्तकात नोंदवले. पुढे ऑगस्टस वॉलरने आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून त्याच्या हृदयातली वीज यंत्रावर दाखवली. १९०९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत हा प्रयोग झाला, आणि कुत्र्याचा छळ होतो म्हणून थेट पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला!

आवाजाने हृदय पाहण्याची युक्ती मात्र स्वीडनमधल्या लुंड गावची. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी येतो, तो जितका उशिरा येईल तितके पाणी खोल. तोच हा न्याय, फक्त येथला आवाज आपल्या कानांना ऐकू न येणारा. डॉक्टर इंगे एडलर आणि पदार्थवैज्ञानिक हेल्मुट हर्ट्झ यांनी माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यातून धातूतल्या भेगा शोधणारे यंत्र उसने आणले, आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी माणसाच्या हृदयाचा प्रतिध्वनी टिपला.

आता खरी गंमत ऐका. त्या नोंदीत एक रेघ भराभर वरखाली होत होती. एडलरना वाटले, ही हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याची भिंत. पुढे काही रुग्ण वारल्यावर, आवाजाचा झोत ज्या दिशेने गेला होता त्याच दिशेने छातीत टोकदार सळई घालून त्यांनी पाहिले. ती भिंत नव्हतीच, ती झडप होती. यंत्राने काही खोटे सांगितले नव्हते. चूक वाचणाऱ्याची होती, आणि वाचणारा साक्षात या विद्येचा जनक होता. आपली चूक शोधायला तोच पुन्हा गेला, म्हणून मला हा माणूस मोठा वाटतो.

पुढे ही विद्या जनावरांच्या दवाखान्यातही आली. पण कुत्रा काही "श्वास रोखा" म्हटल्याने रोखत नाही. तो धापा टाकतो, हलतो. हात जरा तिरका झाला, ठोका जरा पुढचा-मागचा धरला, की माप बदलले. शिवाय जुन्या रीतीत एका व्यासाचा घन करून पोकळीचे आकारमान काढीत. शिक्षकांनी फळ्यावर करून पाहावे: ३ चा घन २७, आणि ३.१ चा जवळजवळ ३०. व्यासात एका मिलिमीटरची चूक, की आकारमानात दहा टक्क्यांची. जातीचाही फरक असतोच. ग्रेहाउंडचे हृदय शरीराच्या मानाने मोठे असते, तेव्हा आपल्या मुधोळसारख्या शिकारी कुत्र्याला दुसऱ्याच जातीचे कोष्टक डोळे मिटून लावणे बरे नव्हे.

दोन मापे जुळतात की नाही, हे तपासण्याची रीतही आपण बराच काळ चुकीची वापरीत होतो. १९८६ साली ब्लँड आणि ऑल्टमन या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी ते दाखवून दिले. एक काटा प्रत्येक वेळी दोन किलो जास्त दाखवत असेल, तर दोन्ही काट्यांचे आकडे बरोबरीने चढतील-उतरतील. संबंध पक्का, पण मेळ नाही! म्हणून दोन मापांतला फरकच मांडा आणि तो किती पसरतो ते पाहा, असे त्यांचे म्हणणे.

याने बिघडते काय, म्हणाल. म्हाताऱ्या, विशेषतः लहान जातीच्या कुत्र्यांत डाव्या बाजूची झडप गळू लागते. २०१६ साली ३६० कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झडप गळून हृदय मोठे झालेले, पण अजून त्रास न दिसणारे असे हे कुत्रे होते. पिमोबेंडन हे औषध मिळालेल्यांना हृदय निकामी होईपर्यंत किंवा त्यापायी मरेपर्यंत मध्यमानाने १२२८ दिवस मिळाले, न मिळालेल्यांना ७६६. पण अभ्यासात घेण्यासाठी इतर मापांबरोबर एक अट होती: डावा वरचा कप्पा महाधमनीच्या निदान १.६ पट हवा. आता एका हाताने १.५ मोजले आणि दुसऱ्याने १.७, तर गोळी सुरू करायची की नाही? तुमच्या कुत्र्याचे वर्ष-सव्वा वर्ष त्या दोन दशांशांत अडकलेले असते.

म्हणून डॉक्टरांना विचारायला संकोचू नका. किती ठोक्यांची सरासरी घेतली? मागच्या वेळी मोजणारे तुम्हीच होतात ना? शक्यतो त्याच हाताने, कुत्रा शांत असताना, त्याच रीतीने पुन्हा मोजून घ्या. आणि हो, मागचा कागद घरी पेटीत ठेवू नका, सोबत न्या.